हक्काची खरवड

ऑग्युस्तने दारात उभं राहून डोक्यावरची टोपी काढली, तेव्हाच लेओनीने हातातलं काम खाली ठेवलं. ओढ्यापलीकडचा हा शेजारी मयतीला सोडून कुणापुढे टोपी काढत नसे. चर्चमध्येसुद्धा त्याला दोनदा सांगावं लागे.

"आत ये."

"नको. बुटांना शेण आहे."

"तुझ्या बुटांना कधी नव्हतं? बोल काय ते."

म्हाताऱ्याने टोपी हातात फिरवली. "काल संध्याकाळी बाझील आला होता. फारूला घेऊन. म्हणाला, ह्याला तू ठेवून घे."

"दोन-चार दिवस?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाला, दिवस-बिवस नाही, ठेवूनच घे. आणि लेओनी, कुत्र्याचा खायचा वाडगाही आणला होता बरोबर. घासून आणला होता."

लेओनीने टेबलाची कड धरली.

आमच्या कांतालच्या डोंगरात माणूस घर विकतो, जमीन विकतो, बायकोशी पटेनासं झालं तर ओरियाक शहरात जाऊन वकील गाठतो. गाईंमागचा कुत्रा मात्र कुणी देत नाही. मागे खालच्या वस्तीतल्या रिगालने दिला होता. सगळे म्हणाले, बरं झालं, बिचाऱ्या जनावराला काम मिळालं. त्याच आठवड्यात आम्ही रिगालला माती दिली, आणि कबरीपाशी कुणी कुणाच्या नजरेला नजर देईना. तेव्हापासून कुत्रा देणं म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ऑग्युस्तला समजलं होतं, म्हणूनच तो धारा अर्धवट टाकून चिखलातून आला होता.

बाझील हा लेओनीचा एकुलता एक मुलगा. पंचेचाळिशी उलटलेला, बिनलग्नाचा, मुळातच कमी बोलणारा. जे काही बोलायचं ते तो गाईंशी बोलायचा. आमची सालेर्स जातीची तांबडी गाय भलती मानी. वासरू पुढ्यात दिसल्याशिवाय ती एक थेंब द्यायची नाही. म्हणून प्रत्येक धारेला वासराला हाक मारून आणायचं, दोन घोट पिऊ द्यायचं, मग आईच्या पुढच्या पायाशी बांधायचं आणि त्याच्या पाठीवर चिमूटभर मीठ टाकायचं. आई मीठ चाटत राहते, आपण दूध काढून घेतो. बाझीलच्या कमरेला मिठाची चामडी पिशवी असायची आणि मागे पट्ट्याने बांधलेलं एका पायाचं स्टूल. तो उठला की स्टूलही उठायचं. वस्तीतल्या बायका त्याला शेपटीवाला म्हणायच्या आणि तोही हसायचा.

ऑक्टोबरात गाई वरच्या कुरणावरून खाली आल्या. नेहमीप्रमाणे तपासणीची सुई टोचली, आणि पारीझ नावाच्या गाईत क्षयाचा रोग निघाला. कायदा असा की एक आजारी तर सगळा कळप मारायचा. आलेली माणसं वाईट नव्हती. त्यांतल्या एकाने तर बाहीने डोळे पुसले. पण बाही ओली झाली म्हणून ट्रक थोडेच परत फिरतात! ते यायच्या दिवशी बाझीलने पहाटे उठून सगळ्यांच्या धारा काढल्या. एकेका वासराला नावाने बोलावलं, एकेकाच्या पाठीवर मीठ टाकलं, आणि दूध नेऊन गटारात ओतलं, कारण ते विकायला बंदी होती. मग ट्रक आले. शेवटी वासरं चढवली. मागचं दार लागल्यावर बाझील आईकडे वळला. त्याला काहीतरी ऐकायचं होतं, काहीही. आणि लेओनी म्हणाली, "तुझ्या बापाने असली गाय दारात उभी केली नसती."

पारीझला बाझीलने स्वतः बाजारातून आणलं होतं. आई नको म्हणत असताना आणलं होतं. त्यामुळे लेओनी बोलली ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते परत घेता येत नव्हतं. खोटं असतं तर माफी मागून मोकळी झाली असती.

त्यानंतर बाझील आजारी पडला असं म्हणता येणार नाही. ताप नव्हता. पहाटे उठायचा, कमरेला स्टूल बांधायचा आणि रिकाम्या गोठ्यात जाऊन बसायचा. गोठ्याचं मोठं दार त्या दिवशी ट्रकसाठी उघडलं ते उघडंच होतं. वारा सुटला की भिंतीवर धडाधड आपटायचं. लेओनीने एकदा म्हटलं, "दार तरी लावून घे रे." तो म्हणाला, "आत काय आहे?" तिच्या कमरेने दाराचा जड लाकडी आडणा उचलवत नव्हता, म्हणून दार तसंच आपटत राहिलं. जेवण म्हणजे दोन घास आणि पाव कुस्करणं. मार्सियालची, म्हणजे तिच्या मेलेल्या नवऱ्याची, शिकारीची बंदूक तिने पोत्यात गुंडाळून केव्हाच ऑग्युस्तकडे नेऊन ठेवली होती. नंतर तिला वासरं बांधायचे दोर आठवले. ते ती एकेक करून स्वयंपाकघरातल्या चुलीत घालत होती. आधीच भिजलेले, शेणाने माखलेले दोर. जळता जळत नव्हते आणि धूर मात्र घरभर.

पण आज पहाटे तो गोठ्यातही गेला नव्हता. स्टूल आणि मिठाची पिशवी स्वच्छ पुसून जेवणाच्या टेबलावर ठेवलेली तिने पाहिली होती. तिला वाटलं होतं, चला, एकदाचं सोडलं खूळ. आता ऑग्युस्तचं बोलणं ऐकून त्या पिशवीकडे तिला बघवेना.

ती जिना चढून वर गेली. बाझील भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"फारू दिसत नाही रे."

"ऑग्युस्तकडे आहे. तिथे बरा आहे तो."

आवाज अगदी शांत. इतके दिवस त्याच्या आवाजात खरखर होती, ती गेली होती. विचारायचं ते ओठांवर आलं होतं, पण ती म्हणाली, "पायपुसणं झटकून टाक जरा, माती झालीय," आणि खाली आली.

खाली येऊन तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या दुसऱ्या खोऱ्यात बाळंतपणाला अडकल्या होत्या आणि घाटात बर्फाचा चिखल झाला होता. "उद्या उजाडताच येते," त्या म्हणाल्या. "तोवर त्याला एकटं सोडू नका. आणि लेओनीबाई, त्याला सरळ विचारा. जीव द्यायचं मनात आहे का, असं सरळ. विचारल्याने डोक्यात नसलेलं काही शिरत नाही."

"विचारते," लेओनी म्हणाली. फोन ठेवला आणि तिला कळलं की आपण विचारणार नाही. आमच्यात असलं विचारत नाहीत. आमच्यात माणूस दुखावला तर त्याच्यापुढे ताट ठेवतात, आणि मेला तरी त्याच्या घरच्यांपुढे ताटच ठेवतात. काय हा मठ्ठपणा, पण पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय.

ऑग्युस्त अजून दारातच होता.

"तोम आहे का तुझ्याकडे?" तिने विचारलं. "ताजी?"

तोम म्हणजे चीज व्हायच्या आधीचं चीज: दूध नासवून, दाबून पाणी काढलेलं, मीठ न लावलेलं, दाताखाली चुईचुई वाजणारं. ऑग्युस्तच्या लक्षात आलं. "त्रुफाद करतेस?"

"ह्या वर्षी आपला हंगाम मिटला नाही. मिटवायला नको?"

गाई खाली आल्या की वरच्या कुरणावरची घरं एका टेबलाशी बसून त्रुफाद खातात, त्याला आम्ही हंगाम मिटवणं म्हणतो. बटाटे, खारवलेलं डुकराचं मांस आणि तोम, एवढंच असतं त्यात, आणि सगळ्यांचा जीव असतो तव्याच्या बुडाला लागलेल्या खरवडीत. भांडणं नकोत म्हणून जुन्यांनी नियम घालून ठेवला: ज्याच्या गाईचं दूध, त्याची खरवड. बाकीच्यांनी वरचं खायचं आणि गप्प बसायचं. एकदा मार्सियालने ऑग्युस्तच्या तोमची खरवड पाद्रीबुवांच्या ताटात वाढली, तर ऑग्युस्त वर्षभर मार्सियालशी बोलला नव्हता आणि पाद्रीबुवांशी अजून बोलत नाही.

"तोम देतो," ऑग्युस्त म्हणाला. "पण बाझीलला काय सांगशील?"

"आपलीच आहे म्हणेन. गोठवून ठेवली होती म्हणेन."

"तो ओळखेल."

"गेले किती दिवस त्याच्या जिभेला चव नाही. काय ओळखणार?"

"अगं, तुझा पोरगा डोळे मिटून सांगतो दूध कुठल्या उतारावरचं आहे ते. माझी तोम खाऊन तो दर वर्षी मला शिव्या देतो."

"मग काय करू?" लेओनी ओरडली, आणि वर ऐकू जाईल म्हणून तिने स्वतःच तोंडावर हात दाबला. "काय करू, सांग ना! त्याच्या ताटात खरवड वाढायचीय मला. घराचा मालक अजून तोच आहे एवढं त्याला कळू दे. एक घास जाऊ दे पोटात. मला फक्त उद्याचा दिवस उजाडायला हवाय, ऑग्युस्त."

ऑग्युस्तने टोपी घातली आणि गेला. दुपारी फडक्यात बांधलेली तोम खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून तो न बोलता परत गेला. फडक्यातून पाणी गळत होतं. लेओनीने ते पाहिलं आणि मनातल्या मनात म्हाताऱ्याच्या आळसाला दोन शिव्या हासडल्या.

दिवस मावळायच्या बेताला तिने बटाटे सोलले. पातळ चकत्या केल्या, फडक्यात दाबून कोरड्या केल्या. तुळईला टांगलेलं मांस उतरवून त्याचे जाड चौकोनी तुकडे केले आणि बिडाच्या तव्यावर टाकले. चरबी सुटायला लागली. हल्ली खाली शहरातली हॉटेलवाली त्रुफादवर मलई ओततात आणि वर हिरवा पालाही टाकतात. त्यांना देव क्षमा करो, मला जमणार नाही. त्रुफादला लागते फक्त चरबी, लसूण आणि धीर. लेओनीकडे धीर सोडून सगळं होतं.

तुकडे लाल झाल्यावर तिने ते काढून घेतले आणि त्याच चरबीत बटाटे पसरले. झाकण ठेवलं, मग काढलं, मग पुन्हा ठेवलं. तिचे कान वरच्या फळ्यांकडे होते. बाझीलने कूस बदलली की फळी करकरायची, आणि फळी करकरली की तिचा जीव भांड्यात पडायचा. लसूण टाकला. बटाटे उलथन्याने अर्धवट मोडले, अर्धवट ठेवले. आणि मग तिच्या लक्षात आलं की बराच वेळ फळी वाजलेली नाही.

"बाझील?"

उत्तर नाही. तव्याखाली जाळ मोठा होता. आता सोडलं तर बटाटे करपणार, आणि करपले तर खरवड कडू होणार. तिने जिन्याकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं, आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा तवा तसाच जाळावर सोडून ती जिना चढली. एका हाताने कठडा, दुसरा कमरेवर. मधल्या पायरीवर तिला धाप लागली. "बाझील! अरे ओ तरी दे!"

तो वरच्या पायरीवर उभा होता. बूट घातलेले.

"काय झालं?" तो म्हणाला.

"काही नाही. जेवायला चल. हंगाम मिटवायचाय."

बाझीलने नाकाने हवा ओढली. "करपतंय," तो म्हणाला.

ती धडपडत खाली आली. कडेच्या चकत्या काळ्या झाल्या होत्या, त्या तिने काढून टाकल्या. तवा जाळावरून ओढून कडेला घेतला, मांसाचे तुकडे परत टाकले आणि वर तोमच्या लांब पट्ट्या पसरल्या. इथे घाई केली तर तोम तेल सोडते आणि रबरासारखी आक्रसते. मंद आचेवर, खालून वर, खालून वर. हळूहळू तोम वितळली, उलथन्याबरोबर तार आली, तार हातभर लांब झाली. मग हलवणं थांबवून तिने तवा पुन्हा आचेवर ठेवला, खरवड धरण्यासाठी. मागे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बाझील टेबलाशी बसला होता. समोरचं स्टूल आणि मिठाची पिशवी त्याने हाताने थोडी बाजूला सरकवली.

लेओनीने तव्यावर मोठी थाळी उपडी घातली आणि सगळं पालथं केलं. खरवड वर आली, तांबूस, कडेला जाळीदार. सुरीने सबंध खरवड सोडवून तिने ती मुलाच्या ताटात वाढली. स्वतःला खालचं मऊ घेतलं.

बाझील ताटाकडे बघत राहिला.

"खरवड मला का?"

"का म्हणजे? आपली तोम आहे. सप्टेंबरातली. गोठवून ठेवली होती मी थोडी."

"आपली."

"खा. गार होतेय."

त्याने काट्याने एक कड मोडली आणि तोंडात घातली. चावली. लेओनी घास हातात धरून बसली होती. बाहेर गोठ्याचं दार एकदा आपटलं.

"ही ऑग्युस्तची आहे," बाझील म्हणाला.

"नाही रे—"

"आई, ह्याच्या गाई खाली दलदलीकडे चरतात. कडवट लागते. आणि म्हाताऱ्याला दाबायचा कंटाळा. अर्धं पाणी आत ठेवतो, म्हणून कड अशी जाळीदार होते. जन्मात त्याला तोम करता आली नाही." एका दमात तो इतकं बोलला. मग त्याने काटा खाली ठेवला, ताट आईकडे सरकवलं आणि त्याचा आवाज पुन्हा तसा शांत झाला. "माझी खरवड नाही ही. माझ्याकडे गाय नाही."

तो उठायला लागला. तेव्हा लेओनीने टेबलावरून हात लांबवून त्याचं मनगट पकडलं. थाळी कलंडली, तिने लक्ष दिलं नाही.

"कुत्रा का दिलास?"

"काम नाही त्याला इथे."

"रिगालनेही दिला होता."

तो परत खुर्चीवर टेकला.

"जीव द्यायचं मनात आहे का तुझ्या?" ती म्हणाली. शब्द बाहेर पडले आणि घर काही कोसळलं नाही. "आज? सरळ सांग. मी तुझी आई आहे, मला फसवू नकोस."

बाझील तिच्या हाताकडे बघत होता. "तू दोर जाळतेस ते मला कळत नाही असं वाटतं का तुला?" तो म्हणाला. "घरभर गोठ्याचा वास येतोय. रात्री तो वास आला की वाटतं त्या खाली आहेत. मी उठून बसतो. आणि मग आठवतं." त्याने मोकळ्या हाताने मिठाची पिशवी जवळ ओढली. "हो. मनात आहे. रोज असतं. आज जास्त आहे."

लेओनीला रडू आलं, ते तिने येऊ दिलं. "मी त्या दिवशी बोलले ते बोलायला नको होतं. पारीझ देखणी गाय होती. मी पाहिली असती तर मीही आणली असती. तुझ्या बापाने तर नक्की आणली असती, त्याला देखण्या गाईपुढे अक्कल कुठे होती! मी ते तुला दुखवायला बोलले. मला कुणाला तरी दुखवायचं होतं आणि तूच समोर होतास. बाझील, मला तू हवास रे. गाई नसल्या तर नसल्या. सकाळी डॉक्टरीणबाई येणार आहेत. तोवर थांब. एवढं कर माझ्यासाठी. उजाडेपर्यंत."

तो हुंदके देत नव्हता, पण नाकावरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसत नव्हता. तिने मनगट सोडलं नाही. किती वेळ दोघं तशीच बसली होती कोण जाणे, थाळीतल्या तोमवर साय धरली.

मग बाझीलने हळूच हात सोडवून घेतला. उठला, फडताळातून स्वच्छ फडकं काढलं, खरवड परत तव्यात ठेवली आणि तवा फडक्यात बांधायला लागला.

"काय करतोस?"

"ज्याची त्याला नेऊन देतो."

"आता? अंधार पडलाय. उद्या दे."

"उद्या तिचा जोडा होईल, चामड्याचा. हक्काची आहे त्याची. वर्षभर बोलणार नाही तो."

"मी येते बरोबर."

"ओढ्यावरच्या फळीवरून? तुझ्या कमरेने?" त्याने बॅटरी उचलली. दारात क्षणभर थांबला. "देऊन येतो," तो म्हणाला आणि गेला.

लेओनीने धावत फोन उचलला. ऑग्युस्तकडे घंटा वाजत राहिली. ही त्याची धारांची वेळ. गोठ्यात असताना त्याला तोफ ऐकू आली नसती. ती खिडकीशी गेली. बाहेर पावसात बर्फ मिसळून पडत होता. बॅटरीचा उजेड अंगणातून खाली निघाला होता. ऑग्युस्तकडची वाट गोठ्यावरूनच जाते, दुसरी वाट नाही. उजेड गोठ्यापाशी पोचला.

आणि तिथे थांबला.

"चल," लेओनी काचेवर म्हणाली. "चल पुढे. चल ना रे."

उजेड हलला, गोठ्याकडे वळला आणि दिसेनासा झाला.

तिने काठीही घेतली नाही. घरातल्या सपाता तशाच पायात, डोक्यावर काही नाही, ती अंगण उतरली. एक सपात चिखलात राहिली. ती त्याच्या नावाने ओरडत होती आणि वारा तो आवाज मागे फेकत होता. सगळे दोर जाळले होते का? माळ्यावरचा जुना राहिला होता का? माळ्यावर ती चढलीच नव्हती, चढताच येत नव्हतं तिला. देवा, दार उघडं दिसू दे, दिसू दे, असं काहीतरी ती पुटपुटत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. अंधारात हात पुढे करून ती गोठ्याच्या दारावर आदळली.

दारावर. म्हणजे दार मिटलेलं होतं.

तिने दोन्ही हातांनी दार ओढलं, ते हललं नाही. बोटांनी चाचपत तिने आडणा शोधला. आडणा खोबणीत नीट बसवलेला होता, जाड, गार, ओला. ती तो उचलायला लागली, आणि मग तिचे हात थांबले. आडणा बाहेरून घातलेला होता. आतला माणूस बाहेरचा आडणा घालू शकत नाही. इतके आठवडे आपटत राहिलेलं दार जाता जाता तो लावून गेला होता, एवढंच.

ती तिथेच दाराला पाठ लावून चिखलात बसली. पावसाचं पाणी मानेवरून आत जात होतं. पलीकडे ओढ्याचा आवाज येत होता आणि त्यापुढे काहीच दिसत नव्हतं. आडणा लावलेला होता, पण ओढाही होता, आणि फळी निसरडी होती, आणि तो अजून आला नव्हता. ती वाट बघत राहिली.

आधी भुंकणं आलं. मग अंधारातून काहीतरी ओलं, केसाळ येऊन तिच्या अंगावर धडकलं आणि तिचं तोंड चाटायला लागलं. फारूच्या तोंडाला चरबीचा आणि लसणाचा वास येत होता. लेओनीने त्याच्या मानेचे केस मुठीत धरले आणि त्याच्यामागच्या अंधाराकडे बघत राहिली. फारूमागे कुणी नव्हतं. कुणी नव्हतं. मग फळीवर बूट वाजले आणि उजेड दिसला.

"आई? इथे काय करतेस? सपात कुठेय तुझी?"

"राहिली कुठेतरी."

बाझीलने तिला काखेत हात घालून उठवलं. रिकामा तवा त्याच्या दुसऱ्या हातात होता. "म्हाताऱ्याने उभ्याउभ्याच सगळी खाल्ली," तो म्हणाला. "शेवटचा तुकडा कुत्र्याला दिला. मला विचारलंसुद्धा नाही."

"कुत्रा आणलास."

बॅटरीच्या उजेडात बर्फ पडताना दिसत होता.

"आजच्यापुरता आणलाय," तो म्हणाला.

"बरं," लेओनी म्हणाली. त्याच्या दंडाला धरून ती घराकडे चालायला लागली. कुत्रा कधी पुढे, कधी मागे पळत होता. चिखलात ती हळूच चालत होती, मुद्दाम हळू, म्हणजे त्याला तिला धरून ठेवावं लागेल.